लेअर्ड हायब्रिड पेरोव्हस्काइट म्हणजे काय? त्यातून उजेड कसा निघतो?

डिस्प्ले किंवा सोलर पॅनलच्या बातम्या वाचत असाल, तर ‘पेरोव्हस्काइट’ हा शब्द एव्हाना तुमच्या नजरेखालून गेला असेल. बातमीचा सूर बहुतेक वेळा ठरलेला असतो: नवा पदार्थ, स्वस्त, पातळ, रंग एकदम भारी. पण हा पदार्थ चमकतो तेव्हा आत नेमकं काय होतं, रंग कुठून येतो आणि एवढं सगळं चांगलं असेल तर तो अजून आपल्या फोनच्या पडद्यावर का नाही, हे त्या बातमीत सहसा नसतं. या लेखात आपण पेरोव्हस्काइटच्या एकाच शाखेबद्दल बोलू: थरांची रचना असलेले, म्हणजे लेअर्ड हायब्रिड पेरोव्हस्काइट.

मी सॉफ्टवेअर लिहितो. ॲपमध्ये हिरवं बटण हवं असेल तर मी ०, २५५, ० असे तीन आकडे टाकतो आणि पुढच्या कामाला लागतो. पण २५५ ही फक्त सूचना आहे, ‘हिरवा पूर्ण लाव’ एवढीच. तो हिरवा किती शुद्ध दिसणार हे माझा कोड ठरवत नाही, पडद्यातला चमकणारा पदार्थ ठरवतो. म्हणून या पदार्थांची ओळख करून घेणं आपल्या कामाचं आहे.

थोडक्यात उत्तर

या पदार्थात थराची जाडी बदलली की रंग बदलतो. थर अगदी पातळ असेल तर उजेड देणारी इलेक्ट्रॉनची जोडी घट्ट बांधलेली राहते. पण जोडी नुसती बांधून उजेड मिळत नाही. ती शेवटी कुठे पोचते, चमकण्याच्या जागी की विझण्याच्या जागी, यावर सगळं अवलंबून असतं. गेल्या ३० वर्षांतली या क्षेत्रातली बरीचशी धडपड याच एका गोष्टीभोवती फिरते.

नाव कुठून आलं?

१८३९ साली रशियातल्या उरल पर्वतात सापडलेल्या एका खनिजाचं वर्णन गुस्ताव्ह रोझे या जर्मन खनिजतज्ज्ञानं केलं आणि लेव्ह पेरोव्हस्की या रशियन अधिकाऱ्याच्या नावावरून त्याला ‘पेरोव्हस्काइट’ हे नाव दिलं. ते खनिज म्हणजे कॅल्शियम टायटनेट. पुढे त्याच्यासारखी अणूंची मांडणी असलेल्या सगळ्याच पदार्थांना हे नाव पडलं. त्यामुळे पेरोव्हस्काइट हा एक पदार्थ नाही, तो मांडणीचा एक प्रकार आहे. त्यात काय भरायचं हे आपल्या हातात असतं.

मांडणी साधी आहे. मध्ये एक धातूचा अणू, उदाहरणार्थ शिसं. त्याच्या सहा बाजूंना आयोडीन, ब्रोमीन किंवा क्लोरीनचे सहा अणू. दोन पिरॅमिड पायाला पाया लावून चिकटवले तर जो आकार होईल, तो हा अष्टफलक. असे अष्टफलक टोकाला टोक जोडून सगळ्या दिशांना पसरतात आणि त्यांच्यामधल्या पोकळीत आणखी एक आयन बसतो.

त्या पोकळीत मिथाइल अमोनियमसारखा छोटा सेंद्रिय रेणू बसवला, की पदार्थ अर्धा सेंद्रिय आणि अर्धा असेंद्रिय होतो. म्हणून नाव ‘हायब्रिड’. शिसं आणि मिथाइल अमोनियम यांचे असे पेरोव्हस्काइट १९७८ साली जर्मनीत डीटर वेबर यांनी बनवले. २००९ साली जपानमध्ये त्सुतोमु मियासाका यांच्या गटानं ते सोलर सेलमध्ये वापरले. तेव्हा कार्यक्षमता जेमतेम ३.८ टक्के होती, पण तिथून या पदार्थाकडे जगाचं लक्ष गेलं.

थर कसे तयार होतात? चिरोटा आठवा

वरच्या मांडणीत पोकळी लहान असते. तिथे मोठा, लांब शेपटीचा सेंद्रिय रेणू बसवायला गेलं तर तो मावत नाही. मग स्फटिक काय करतो? एका दिशेनं तो स्वतःला कापून घेतो. अष्टफलकांचे सपाट थर बनतात आणि दोन थरांच्या मध्ये हे लांब रेणू उभे राहतात.

दिवाळीतला चिरोटा डोळ्यासमोर आणा. पोळी, तिच्यावर साटा, पुन्हा पोळी, पुन्हा साटा. साट्यामुळेच पापुद्रे एकमेकांना चिकटत नाहीत आणि सुटे राहतात. इथे शिसं आणि आयोडीनचा थर म्हणजे पोळी, आणि सेंद्रिय रेणूंचा थर म्हणजे साटा.

या घराण्यातला बहुधा सगळ्यात जास्त अभ्यासलेला पदार्थ म्हणजे फिनेथिल अमोनियम लेड आयोडाइड. आपण त्याला ‘पीईए आयोडाइड’ म्हणू. त्यात असेंद्रिय थराची जाडी साधारण ०.६ नॅनोमीटर, आणि साट्यासकट एक पापुद्रा सुमारे १.६ नॅनोमीटरचा. म्हणजे ५० नॅनोमीटरच्या फिल्ममध्ये जवळपास ३० पापुद्रे बसतात.

हे बनवायला सिलिकॉनच्या चिपसारखी हजार अंशांची भट्टी लागत नाही. घटक द्रावणात विरघळवायचे, काचेवर थेंब टाकून काच गरगर फिरवायची आणि साधारण १०० अंश सेल्सिअसला थोडा वेळ तापवायचं. थर आपोआप रचले जातात. अर्थात हे प्रयोगशाळेतलं काम आहे. शिशाचे क्षार विषारी असतात, घरी करून बघण्याचा हा प्रयोग नाही.

उजेड निघतो तेव्हा आत काय होतं?

सेमीकंडक्टरमध्ये इलेक्ट्रॉनसाठी दोन मजले असतात असं समजा. खालचा मजला गच्च भरलेला, वरचा रिकामा. मधली उंची म्हणजे बँडगॅप. वीज दिली किंवा अतिनील टॉर्च मारला की एक इलेक्ट्रॉन वर जातो आणि खाली त्याची रिकामी जागा राहते. या रिकाम्या जागेला ‘होल’ म्हणतात आणि ती धन प्रभारासारखी वागते.

इलेक्ट्रॉन परत खाली येऊन होलमध्ये बसला की मधली ऊर्जा बाहेर पडते. ती प्रकाशाच्या रूपात बाहेर पडली तर आपल्याला उजेड दिसतो. मजल्यांमधलं अंतर जास्त असेल तर निळ्याकडे झुकणारा उजेड, कमी असेल तर लाल.

पण खाली येण्याचा हा एकच रस्ता नाही. स्फटिकात कुठे अणू गहाळ असेल, कुठे पृष्ठभाग खराब असेल, तर इलेक्ट्रॉन तिथे अडकतो आणि त्याची ऊर्जा उष्णता होऊन जाते. उजेड काहीच नाही. त्यामुळे चांगला प्रकाश देणारा पदार्थ म्हणजे ज्यात पहिला रस्ता दुसऱ्यापेक्षा बराच वेगवान आहे असा पदार्थ.

पातळ थरात जोडी का टिकते?

इलेक्ट्रॉन ऋण, होल धन. दोघांमध्ये ओढ असते आणि ते एकमेकांभोवती जोडीनं राहू शकतात. या जोडीला ‘एक्सिटॉन’ म्हणतात. पण खोलीच्या तापमानाला अणू सतत थरथरत असतात आणि त्या धक्क्यांची ऊर्जा साधारण २५ मिलीइलेक्ट्रॉनव्होल्ट असते. जोडीची गाठ यापेक्षा सैल असेल तर ती सुटते.

थर नसलेल्या, चहूकडे पसरलेल्या मिथाइल अमोनियम लेड आयोडाइडमध्ये ही गाठ १० ते १६ मिलीइलेक्ट्रॉनव्होल्टची असते. म्हणजे सुटणारच. सोलर सेलला ते हवंच असतं, कारण तिथे इलेक्ट्रॉन आणि होल वेगवेगळे करून वीज काढायची असते. उजेड हवा असेल तर मात्र दोघं जवळ राहिलेली बरी.

एका पापुद्र्याच्या पदार्थात हीच गाठ कित्येक पटींनी घट्ट होते. १९८९ च्या सुमारास जपानमध्ये तेरुया इशिहारा आणि सहकाऱ्यांनी लेड आयोडाइडच्या थरांवर मोजमापं केली, तेव्हा आकडा ३०० मिलीइलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर निघाला. खोलीच्या तापमानाचे धक्के या गाठीला हलवूही शकत नाहीत.

याची कारणं दोन आहेत.

पहिलं कारण जागेचं. जत्रेच्या मोकळ्या मैदानात दोघांचा हात सुटला की दोघं कुठच्या कुठे जातात. अरुंद बोळात मात्र फार लांब जायला वाव नसतो. पातळ थरात इलेक्ट्रॉन आणि होल यांना वर-खाली जायला जागा नसते, त्यामुळे ती जवळ राहतात. गणितानं बघितलं तर पूर्ण सपाट थरात गाठ चौपट घट्ट होते. पण १६ चे चौपट ६४. मग ३०० कुठून आले?

तिथे दुसरं कारण येतं, आणि ते जास्त मजेशीर आहे. दोन प्रभारांमधली ओढ मधल्या माध्यमावर अवलंबून असते. लेड आयोडाइडचे अणू सहज सरकतात आणि ओढ बरीचशी झाकून टाकतात. सेंद्रिय साट्याला हे फारसं जमत नाही. थर इतका पातळ आहे की इलेक्ट्रॉन आणि होलमधलं विद्युतक्षेत्र थरातून बाहेर, साट्यात शिरतं. तिथे त्याला झाकणारं कुणी नसतं, म्हणून ओढ वाढते. याला डायइलेक्ट्रिक कन्फाइनमेंट म्हणतात. थोडक्यात, साटा नुसता पोळ्या सुट्या ठेवत नाही, आतली गाठही घट्ट करतो.

जाडी बदला, रंग बदला

पापुद्रा एका अष्टफलकाचाच असावा असं बंधन नाही. लांब आणि छोट्या सेंद्रिय रेणूंचं प्रमाण बदललं, की दोन, तीन, चार अष्टफलकांच्या जाडीचे थर मिळतात. ही संख्या संशोधक ‘एन’ या अक्षरानं दाखवतात. छोट्या तारेचा सूर उंच आणि लांब तारेचा सूर खालचा, तसंच इथे. थर जितका पातळ, तितकी ऊर्जा जास्त.

ब्युटाइल अमोनियम आणि मिथाइल अमोनियम वापरून बनवलेल्या लेड आयोडाइडमध्ये बँडगॅप साधारण असा उतरत जातो:

- एन १: २.४३ इलेक्ट्रॉनव्होल्ट, हिरवा
- एन २: २.१७ इलेक्ट्रॉनव्होल्ट, पिवळ्याच्या आसपास
- एन ३: २.०३ इलेक्ट्रॉनव्होल्ट, नारिंगी-लाल
- एन ४: १.९१ इलेक्ट्रॉनव्होल्ट, लाल
- थर नसलेला पदार्थ: १.५ ते १.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्ताच्या हद्दीवर

घटक जवळपास तेच, फक्त जाडी वेगळी.

रंग बदलण्याचा दुसरा मार्ग म्हणजे अणू बदलणं. पीईए आयोडाइड ५२० ते ५२५ नॅनोमीटरचा हिरवा उजेड देतं. त्यात आयोडीनऐवजी ब्रोमीन घातलं तर उजेड ४१० नॅनोमीटरच्या आसपास, जांभळा. शिशाऐवजी कथील घातलं तर ६२५ नॅनोमीटरच्या जवळ, लाल.

गाठ घट्ट, तरी उजेड मंद

आता खरी गोम. जोडी एवढी घट्ट बांधलेली आहे तर एन १ चा पदार्थ खोलीच्या तापमानाला झळाळून उठायला हवा. तसं होत नाही.

१९९४ साली जपानच्या क्युशू विद्यापीठात मासानाओ एरा आणि सहकाऱ्यांनी पीईए आयोडाइडचा एलईडी बनवला. २४ व्होल्टवर त्यातून १०,००० कँडेला प्रति चौरस मीटरपेक्षा जास्त हिरवा उजेड मिळाला. हे एकक म्हणजे फोनच्या जाहिरातीतले ‘निट्स’. म्हणजे १०,००० निट्सचा एलईडी, तोही ३० वर्षांपूर्वी! पण तो चालला द्रव नायट्रोजनच्या तापमानाला, म्हणजे सुमारे उणे १९६ अंश सेल्सिअसला. खोलीत आणला की उजेड मावळायचा.

कारण आपण वर बघितलेला दुसरा रस्ता. जोडी सुटत नाही हे खरं, पण ती बांधलेल्या अवस्थेतच थरातून भटकत राहते आणि भटकता भटकता एखाद्या खराब जागी पोचून विझते. थंडीत हे भटकणं आणि विझणं दोन्ही मंदावतं, म्हणून उजेड दिसतो. शिवाय हे स्फटिक मऊ असतात. अणूंच्या थरथरीत जोडीची ऊर्जा सहज मिसळून जाते.

म्हणजे गाठ घट्ट करून अर्धंच काम झालं होतं. उरलेलं अर्धं काम होतं जोडीला योग्य ठिकाणी नेऊन पोचवण्याचं.

पन्हळीची युक्ती

हा तिढा सुटला तो शुद्ध एन १ चा हट्ट सोडल्यावर. फिल्ममध्ये एन २, ३, ४ आणि त्याहून जाड थर मिसळून ठेवले, तर गंमत होते. पातळ थरांची ऊर्जा जास्त, जाड थरांची कमी. जोडी पातळ थरात तयार झाली तरी ऊर्जा उतारावरून घसरत जाड थराकडे जाते, आणि हे सेकंदाच्या एक अब्जांश भागाच्याही आत घडतं. खराब जागी पोचायला जोडीला तेवढा वेळच मिळत नाही.

पावसाचं पाणी सगळ्या छपरावर पसरून राहिलं तर कुठे ना कुठे झिरपतंच. पण कौलांवरून ते पन्हळीत आलं आणि एकाच पिंपात पडलं तर वाया जात नाही. इथेही तसंच. जाड थर फिल्ममध्ये थोडेच असतात. सगळ्या जोड्या त्या थोड्या जागेत गोळा होतात, गर्दी होते, तिथल्या मोजक्या खराब जागा भरून जातात आणि बाकीच्यांना प्रकाशाचा रस्ता मोकळा मिळतो. याला ‘एनर्जी फनेल’ म्हणतात.

२०१६ साली कॅनडातल्या टोरंटो विद्यापीठाच्या गटानं या पद्धतीनं ८.८ टक्के कार्यक्षमतेचा एलईडी दाखवला. त्याच वर्षी चीनमधल्या नानजिंगच्या गटानं ११.७ टक्के गाठले. दोन्ही खोलीच्या तापमानाला, दोन्ही अवरक्त उजेडाचे. तुलनेसाठी, २०१४ साली केंब्रिजच्या गटानं थर नसलेल्या पेरोव्हस्काइटचे एलईडी खोलीच्या तापमानाला चालवून दाखवले तेव्हा आकडा १ टक्क्याच्या खाली होता. २०१८ साली वेगवेगळ्या गटांनी २० टक्क्यांची रेषा ओलांडली, आणि त्यात केंब्रिजचा थरांचं पेरोव्हस्काइट आणि पॉलिमर एकत्र केलेला एलईडीही होता.

इथे कार्यक्षमता म्हणजे १०० इलेक्ट्रॉन आत सोडले तर प्रकाशाचे किती कण बाहेर आले. २० ऐकायला कमी वाटतं, पण सपाट थरात तयार झालेला बराचसा उजेड आतल्या आतच परावर्तित होऊन अडकतो, त्यामुळे हा आकडा चांगला आहे.

एकाच पदार्थातून पांढरा उजेड

आतापर्यंत आपण एकेका रंगाबद्दल बोललो. २०१४ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात हेमामाला करुणादासा यांच्या गटानं असे लेड ब्रोमाइड दाखवले, ज्यांवर अतिनील प्रकाश टाकला की एकाच पदार्थातून पांढरा उजेड येतो. यांतले थर सपाट नसतात, वळ्यावळ्यांचे असतात.

हे कसं होतं? कापसाच्या गादीवर बसलं की आपल्या वजनानं खड्डा पडतो आणि आपण त्यात रुततो. या मऊ स्फटिकात एक्सिटॉन आजूबाजूचे अणू ढकलून स्वतःसाठी खड्डा करतो आणि त्यातच अडकतो. त्याला ‘सेल्फ ट्रॅप्ड एक्सिटॉन’ म्हणतात. खड्डा करण्यात थोडी ऊर्जा जाते, म्हणून उजेड कमी ऊर्जेचा होतो, आणि अणू थरथरत असल्यानं तो एका रंगाचा न राहता रुंद पट्ट्यात पसरतो. पट्टा निळ्यापासून लालपर्यंत पसरला की डोळ्याला पांढरा दिसतो.

तुमच्या घरातल्या पांढऱ्या एलईडी बल्बमध्ये सहसा निळी चिप आणि तिच्यावर पिवळी फॉस्फर पावडर असते. इथे ही जुळवाजुळव नाही. वस्तूंचे रंग किती खरे दिसतात याचा निर्देशांक या पदार्थांत ८० च्या वर निघाला, सूर्यप्रकाशाचा १०० धरतात. अडचण एवढीच की त्यांतल्या चांगल्या पदार्थातही शोषलेल्या प्रकाशापैकी फक्त ९ टक्के परत बाहेर येत होता.

पुण्यात काय चाललंय?

हा विषय फक्त परदेशी प्रयोगशाळांचा नाही. पुण्याच्या आयसर या संस्थेत अंशुमान नाग यांचा गट थरांच्या पेरोव्हस्काइटवर काम करतो. ब्युटाइल अमोनियम लेड आयोडाइडच्या एकाच स्फटिकातून दोन वेगवेगळ्या ऊर्जांचा उजेड का येतो, यावर या गटाचं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या भौतिकशास्त्राच्या संशोधकांसोबतचं काम २०१८ साली प्रसिद्ध झालं. त्यात अखंड स्फटिक आणि त्याचे सोलून काढलेले मोजके पापुद्रे यांची तुलना होती. पापुद्रे एकमेकांजवळ असण्याचाही उजेडावर परिणाम होतो का, असा तो प्रश्न. भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्र शिकत असाल तर हे दार तुमच्या शहरापासून फार लांब नाही.

स्क्रीनला याचा फायदा काय?

फोनच्या पडद्यावर पाण्याचा अगदी बारीक थेंब ठेवून बघा. थेंब भिंगाचं काम करतो आणि पांढऱ्या जागी लाल, हिरवे, निळे ठिपके दिसतात. सगळे रंग या तिघांच्या मिश्रणातून येतात. म्हणून हे तीन जितके शुद्ध, तितके जास्त रंग दाखवता येतात.

शुद्ध म्हणजे तरंगलांबीचा अरुंद पट्टा. पेरोव्हस्काइटचा हिरवा पट्टा साधारण २० नॅनोमीटर रुंद असतो, म्हणजे बराच अरुंद. २०१२ साली ठरलेल्या ‘रेक. २०२०’ या रंगमानकाला ६३०, ५३२ आणि ४६७ नॅनोमीटरचे अगदी शुद्ध लाल, हिरवा, निळा लागतात. रंगांच्या प्रमाणित नकाशाचा सुमारे ७६ टक्के भाग या मानकात येतो. वेबसाइट आणि ॲप ज्यावर चालतात त्या जुन्या ‘एसआरजीबी’ मानकात सुमारे ३६ टक्केच येतो. हा फरक भरून काढायला अरुंद पट्ट्याचे पदार्थ हवेत.

मग फोनमध्ये अजून का नाही?

टिकाऊपणा: या स्फटिकातले आयोडीन-ब्रोमीनचे आयन जागच्या जागी बसून राहत नाहीत. वीज दिली की ते सरकतात. दोन्ही मिसळून रंग जुळवला असेल तर उजेडात ते वेगवेगळे व्हायला लागतात आणि रंग बदलतो. थराच्या जाडीनं रंग ठरवला तर ही अडचण टाळता येते, हा लेअर्ड पदार्थांचा मोठा फायदा. लांब सेंद्रिय शेपट्या पाण्याला थोडं दूरही ठेवतात. तरी फोनच्या पडद्याला वर्षानुवर्षं, हजारो तास चालायचं असतं आणि तिथवरची वाट अजून बाकी आहे.

निळा रंग: हिरवा, लाल आणि अवरक्त पुढे गेले, निळा मागे राहिला. निळ्यासाठी मजल्यांमधलं अंतर जास्त लागतं, तिथे विझण्याच्या जागा जास्त त्रास देतात. त्यासाठी क्लोरीन-ब्रोमीनचं मिश्रण केलं तर वरची सरकण्याची अडचण परत येते.

जास्त ब्राइटनेस: पन्हळीत गर्दी चांगली, पण अति गर्दी वाईट. जोड्या एकमेकींवर आदळतात आणि एकीची ऊर्जा दुसरी घेऊन उष्णतेत घालवते. म्हणून करंट वाढवत नेला की कार्यक्षमता घसरते.

शिसं: इथे मी ढोबळ हिशोब केला. फोनच्या पडद्याएवढ्या १०० चौरस सेंटिमीटरवर ५० नॅनोमीटरची पीईए आयोडाइडची फिल्म घातली तर पदार्थ लागतो साधारण १.३ मिलिग्रॅम, आणि त्यात शिसं ०.३ मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे अगदी थोडं. पण युरोपचा ‘रोहस’ नियम पूर्ण फोन बघत नाही. त्यातला प्रत्येक एकसंध पदार्थ वेगळा धरतो, आणि त्यात शिशाची मर्यादा वजनाच्या ०.१ टक्के आहे. भारताच्या ई-कचरा नियमांतही हाच आकडा आहे. पीईए आयोडाइडमध्ये वजनाच्या जवळपास २१ टक्के शिसं असतं. शिवाय या रूपातलं शिसं पाण्यात जाऊ शकतं. कथील वापरता येतं, पण ते हवेत लवकर ऑक्सिडाइज होतं.

पुढची बातमी वाचताना एवढं बघा

- उजेड प्रकाश टाकून काढलाय की वीज देऊन? अतिनील टॉर्चखाली चमकणं सोपं, एलईडी म्हणून चमकणं अवघड.
- कुठल्या तापमानाला? १९९४ चे १०,००० निट्स आठवा.
- कुठला रंग? हिरव्याचा विक्रम निळ्याला लागू होत नाही.
- किती तास चालला, आणि किती ब्राइटनेसला? मंद उजेडावरचे तास आणि उन्हात स्क्रीन वाचण्याएवढ्या उजेडावरचे तास यांत फार फरक असतो.
- शिशाचं काय केलं?

या पाच प्रश्नांची उत्तरं बातमीत असतील तर ती नीट वाचा. फक्त ‘ओएलईडीचा बाप आला’ एवढंच असेल, तर तो पदार्थ अजून प्रयोगशाळेच्या काचेवर आहे असं समजायला हरकत नाही. पदार्थ खोटा नाही, त्याचा उजेडही खरा आहे. फक्त १.६ नॅनोमीटरच्या पापुद्र्यातून तो उजेड रोज, वर्षानुवर्षं, खिशातल्या फोनमध्ये काढणं हे वेगळं काम आहे, आणि ते अजून सुरू आहे.